कच्च्या पायाची सबब

पहिल्या वर्षाचे निकाल लागले की इंजिनिअरिंग कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पोरांचा पायाच कच्चा, आपण कुठवर पुरे पडणार?’ विषय असतो एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा पहिला पेपर. पुण्यात त्यात रोल आणि लाग्रांजची प्रमेयं, टेलरची श्रेणी आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह येतात. मुंबईत सुरुवात कॉम्प्लेक्स नंबरपासून होते. विद्यापीठागणिक क्रम बदलतो, पण कॅल्क्युलस कुठेच चुकत नाही. या पेपरात केटी लागणं, म्हणजे नापास होऊन पेपर मागे राहणं, हॉस्टेलवर इतकं अंगवळणी पडलंय की ‘एम-वन सुटला का?’ हा प्रश्न ‘जेवलास का?’ इतक्याच सहजपणे विचारला जातो.

केटी का लागते, याचं उत्तरही तयारच असतं. दहावीपर्यंत घोकंपट्टी, बारावीला क्लासचे शॉर्टकट, खेड्यातली शाळा, मराठी माध्यम, घरात कुणी शिकलेलं नाही, आणि हल्लीच्या मुलांना कष्ट तर नकोच आहेत. यादी संपता संपता कुणीतरी आवाज खाली आणून ‘कोट्यातून आलेली’ असंही म्हणून घेतं. बाकीचे चहाच्या कपात बघतात.

हे स्पष्टीकरण फार सोयीचं आहे. शिकवणारा त्यात सापडत नाही, विद्यापीठ सापडत नाही, वेळापत्रक सापडत नाही. जे काही बिघडायचं ते मूल कॉलेजच्या फाटकातून आत येण्याआधीच बिघडून गेलेलं असतं. अडचण एवढीच की ज्या ठिकाणी कुणी चिकाटीने हे स्पष्टीकरण तपासून पाहिलं, तिथे ते टिकलं नाही.

तपासणाऱ्याचं नाव युरी ट्राइसमन. १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत तो गणिताचा संशोधक विद्यार्थी होता आणि कॅल्क्युलसच्या वर्गांना मदत करणाऱ्या टीचिंग असिस्टंटना तयार करण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. कोणती मुलं तरतात आणि कोणती बुडतात, याची चौकशी करताना एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसमध्ये बुडणाऱ्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण भयंकर होतं, आणि त्याच वर्गातली चिनी वंशाची मुलं मात्र उत्तम तरत होती. असं का होतं, हे ट्राइसमनने प्राध्यापकांनाच विचारलं. बर्कलीचा प्राध्यापकवर्ग काही वर्णद्वेष्टा नव्हता, उलट पुरोगामी म्हणून मिरवणारा होता. त्यांच्याकडून चार उत्तरं आली : मुलांत जिद्द कमी, शाळेतली तयारी अपुरी, घरातून पाठबळ नाही, आणि घरची गरिबी. आपल्या स्टाफरूमची यादी आणि ही यादी शेजारी ठेवली तर फक्त जातीच्या जागी वर्ण दिसेल.

ट्राइसमनने ही चारही उत्तरं खरी धरून चालण्याऐवजी एकेक पडताळलं. जिद्द? ही मुलं आपापल्या शाळांत पहिली आलेली, वर्गाचं नेतृत्व केलेली. बर्कलीपर्यंत पोचायलाच अफाट जिद्द लागली होती. घरचं पाठबळ? मूल कॉलेजात जाणार हे अनेक आईबापांनी त्याच्या जन्माआधीच ठरवून टाकलेलं होतं. गरिबी? उत्पन्नाची आकडेवारी लावून पाहिली तर तिचा गुणांशी म्हणावा तसा मेळ बसेना. आणि शाळेतली तयारी, म्हणजे आपला तो ‘पाया’? इथे तर निकाल उलटाच निघाला. प्रवेशपरीक्षेत गणिताला उत्तम गुण मिळवलेली कृष्णवर्णीय मुलंच पहिल्या सत्रात धडाधड पडत होती, त्यांतल्या काहींवर तर विद्यापीठातून काढलं जाण्याची वेळ येत होती. जी थोडी टिकली होती, ती बहुतेक मधल्या गुणांची होती.

आपल्याकडे इथवर आलेल्याने एक सेमिनार घेऊन हात झटकले असते. ट्राइसमनने पुढे जाऊन २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास करतात कसा, हे बघायला तो कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या ठिकाणी जाऊन बसला.

दिसलं ते असं. प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं की वर्गातल्या प्रत्येक तासामागे घरी दोन तास द्या. कृष्णवर्णीय मुलं हे अक्षरशः पाळत होती. आठवड्याला सहा ते आठ तास, खोलीचं दार लावून, एकट्याने. अडलं की पुस्तक चाळायचं, तरी अडलं की जास्त वेळ बसायचं. वीसपैकी अठरा जण वर्गमित्रांबरोबर कधीच अभ्यासाला बसत नव्हते. चिनी वंशाची मुलं आठवड्याला जवळजवळ १४ तास देत होती. त्यातले आठ-दहा तास एकट्याने. मग संध्याकाळी सगळी एकत्र यायची, स्वयंपाक करायची, जेवायची आणि गृहपाठ काढून बसायची. एकमेकांची उत्तरं तपासायची, उत्तरातलं इंग्रजीसुद्धा सुधारायची. एखादा थोरला भाऊ किंवा चुलतभाऊ येऊन त्यांची परीक्षा घ्यायचा. जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल हाताशी असायची. कोण कुठे उभा आहे, हे त्या टोळक्यात प्रत्येकाला ठाऊक असायचं. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते गणितच अवघड आहे हे कळायचं, आणि मग निःशंकपणे असिस्टंटला गाठता यायचं. खोलीत एकटा बसलेला मुलगा त्याच गणितापाशी अडला की त्याला वाटायचं, आपल्यालाच येत नाही. ही जागा आपली नाहीच.

चौदा तास आणि आठ तास यांतला फरक बघून ‘बघा, शेवटी कष्टच’ असं म्हणायचा मोह होईल. पण ज्यांनी आठ तास दिले त्यांनी सांगितलं तेवढं प्रामाणिकपणे केलं होतं. उरलेले तास कुठून येतात आणि त्यात करायचं काय, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. चिनी मुलांना ते घरातून आणि शेजारातून मिळालं होतं. विद्यापीठाने दोघांनाही काही दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळच्या बैठकीत असं काय होतं, जे बंद खोलीत होत नाही? जवळून पाहायचं तर भिंतीला टेकलेल्या शिडीचं गणित घ्या. बारावीपासून ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शिडी ५ मीटर लांब. तिचा पाय भिंतीपासून सेकंदाला १ मीटर या ठरावीक वेगाने ओढला जातोय. पाय भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? एकटा बसलेला विद्यार्थी पायथागोरस मांडतो, दोन्ही बाजूंचं वेळेच्या संदर्भात डिफरन्सिएशन करतो, तीन भागिले चार, उत्तर सेकंदाला ०.७५ मीटर. पुस्तकाच्या मागचं उत्तर जुळतं. वही बंद.

आता त्याच गणितावर चौघं बसली आहेत असं समजा. त्यातल्या एकीला सुचतं, पाय ४ मीटरवर गेला तर? चार भागिले तीन, १.३३. म्हणजे वेग वाढतोय. पाय ४.९ मीटरवर गेला की जवळजवळ ५. आणि अगदी शेवटी, शिडी जमिनीला टेकताना? भागाकारात खाली शून्य येतं. म्हणजे शिडीचं टोक अनंत वेगाने जमिनीवर आदळणार? इथे बैठक पेटते. एक म्हणतो सूत्र चुकलं. दुसरा डिफरन्सिएशन पुन्हा करून दाखवतो, चूक सापडत नाही. तिसरा फूटपट्टी भिंतीला टेकवून तिचा पाय ओढून बघायला लागतो. अर्ध्या तासाने कुणाच्या तरी ध्यानात येतं की वरचं टोक शेवटपर्यंत भिंतीला धरून राहील, हे आपण न बोलता मानून टाकलं होतं. भिंत शिडीला ढकलू शकते, ओढू शकत नाही. त्यामुळे खरी शिडी मध्येच भिंत सोडते, आणि त्या क्षणापासून पायथागोरसचं समीकरण लागू पडत नाही. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, लिमिट म्हणजे काय, आणि गणिताने मांडलेलं चित्र प्रत्यक्षाला कुठवर लागू पडतं, हे तिन्ही त्या अर्ध्या तासात शिकून झालं. उत्तर मात्र तेच राहिलं, ०.७५.

‘हल्ली मोबाइलवर फोटो काढला की गणित पायरीपायरीने सुटून येतं, मग कॅल्क्युलस शिकवायचाच कशाला’ असं म्हणणाऱ्यांचंही उत्तर इथेच आहे. मोबाइल ०.७५ देतो आणि थांबतो. पुढचा प्रश्न विचारणारी मुलगी त्याच्यात नाही.

ट्राइसमनने पाहिलेल्यावरून जे उभं केलं ते १९७८पासून बर्कलीत सुरू झालं. त्याने ‘कच्च्या मुलांसाठी जादा तास’ काढले नाहीत. तसे तास आधीच होते आणि ज्यांना गरज होती ती मुलं तिकडे फिरकत नव्हती. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाने ‘रेमेडियल’च्या पाटीखालून आत शिरायचं तरी कसं? त्याने उलट निमंत्रणं पाठवली. हा मानाचा वर्ग आहे, इथे नेहमीपेक्षा अवघड गणितं मिळतील, अट एवढीच की ती मिळून सोडवायची. नेहमीच्या तासांखेरीज ही मुलं छोट्या गटांत बसायची. समोर काळजीपूर्वक रचलेली गणितांची पत्रकं असायची. मार्गदर्शक टेबलांमधून फिरायचा, उत्तर सांगायचा नाही. निकाल काय लागला? कार्यशाळेतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांनी बाहेर राहिलेल्या आपल्याच बांधवांना तर मागे टाकलंच, पण वर्गातल्या गोऱ्या आणि आशियाई मुलांनाही मागे टाकलं. प्रवेशपरीक्षेत ८००पैकी सहाशेच्या थोडं पुढे असलेली कृष्णवर्णीय मुलं, साडेसातशेच्या आसपास गुण असलेल्या इतरांच्या तोडीचं काम करत होती. दीडशे गुणांचा ‘कच्चा पाया’ एका सत्रात भरून निघत होता. ट्राइसमन पुढे टेक्सास विद्यापीठात गेला, १९९२मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आणि त्याच वर्षी त्याने हा सगळा अनुभव एका लेखात मांडला. आपल्याकडे कॅल्क्युलस शिकवणाऱ्यांनी हा लेख वाचलेला नसावा, ही खरी कच्च्या पायाची गोष्ट आहे.

कोणाच्या डोक्यात काय शिरू शकतं, याचे कुळावरून अंदाज बांधण्याची खोड आजची नाही. दिल्ली कॉलेजातले मास्टर रामचंद्र यांनी १८५०मध्ये कलकत्त्यात स्वखर्चाने एक पुस्तक छापलं. महत्तम आणि लघुतम मूल्यांची गणितं कॅल्क्युलसशिवाय, निव्वळ बीजगणिताने सोडवून दाखवणारं. लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गनला ते इतकं आवडलं की त्याने १८५९मध्ये ते तिकडे पुन्हा छापून घेतलं. डी मॉर्गन स्वतः मदुराईत जन्मलेला आणि भारतीयांविषयी आस्था असलेला माणूस. पण त्याचा युक्तिवाद होता की हिंदू मनाचा ओढा बीजगणिताकडे आहे, म्हणून त्याला त्याच वाटेने न्यावं. हेतू चांगला, आणि तरीही ते कुळाचं गणित. बर्कलीतल्या प्राध्यापकांची चार उत्तरं त्याच वंशावळीतली, स्टाफरूममधलं ते दबक्या आवाजातलं वाक्यही.

ट्राइसमनवर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. कार्यशाळेत आलेली मुलं निमंत्रण स्वीकारून आली होती. ज्याच्यात मुळात धडपड आहे तोच असं निमंत्रण स्वीकारतो, मग त्याचे गुण वाढले यात कार्यशाळेचं श्रेय किती आणि त्याच्या धडपडीचं किती? ही शंका अनेक वर्षं रेंगाळत राहिली. तिचं सर्वांत चोख उत्तर मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातून आलं, जिथे बहुसंख्य विद्यार्थी लॅटिनो आहेत. तिथल्या संशोधकांनी ८११ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यदृच्छया दोन प्रकारच्या वर्गांत वाटलं. अर्ध्या वर्गांत नेहमीची व्याख्यानं. उरलेल्यांत बहुतेक वेळ मुलं गटात बसून गणितं फोडतात आणि शिक्षक फिरत राहतो. १९ शिक्षक, ३२ वर्ग, तीन सत्रं. निकाल २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गटवाल्या वर्गांत उत्तीर्ण होण्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि मुलं कोणत्या शाखेची आहेत याने त्यात फरक पडला नाही. कोण कुठल्या वर्गात बसणार हे मुलांच्या हातातच नव्हतं, त्यामुळे ‘धडपडी मुलंच तिकडे गेली’ हे म्हणायची सोय संपली.

त्याआधी २०१४मध्ये विज्ञान आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला होता. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, विद्यार्थी स्वतः काही करतात अशा वर्गांत २१.८ टक्के. म्हणजे शंभरातली बारा मुलं पायामुळे पडत नव्हती, तासामुळे पडत होती. ती बारा मुलं कोण, हे कुठल्याही वर्गात आधी सांगता येत नाही. म्हणूनच त्यांच्याविषयी बोलणं टाळायला ‘पाया’ हा शब्द इतका उपयोगी पडतो.

आता पाया कच्चा नसतोच, असं इथे म्हणायचं नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज चुकवणारी मुलं असतात. वर्गमूळ बेरजेवर वाटून टाकणारी असतात. लॉगचे नियम स्वतःच्या सोयीने बनवणारीही असतात. बीजगणित डळमळीत असेल तर पार्शल डेरिव्हेटिव्हच्या चौथ्या ओळीत गाडी रुळावरून उतरतेच. पण हे दोष दुरुस्त होतात कुठे? शेजारी बसलेला कुणीतरी ‘अरे, हे असं नाही वाटता येत’ म्हणून बोट ठेवतो तिथे. शंभर मुलांच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या शिक्षकाला ती चौथी ओळ दिसतच नाही. दिसते ती थेट उत्तरपत्रिकेत, आणि तोवर निकाल लागलेला असतो.

‘पाया’ या सदरातली एकच गोष्ट खरोखर गंभीर आहे, आणि तिचा खेड्याशी, माध्यमाशी किंवा कोट्याशी काडीचाही संबंध नाही. एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेत गणिताचे ५० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद. दोन वर्षं मुलांना शिकवलं जातं ते १०८ सेकंदांत गणिताचा ‘टाइप’ ओळखून पर्याय गाठण्याचं कसब. ते कसब खोटं नाही, त्यालाही मेहनत लागते. पण शिडीच्या गणितावर अर्धा तास भांडायची सवय त्यात मरते. शहरातल्या नामांकित क्लासमधून उत्तम पर्सेंटाइल घेऊन आलेल्या मुलात ती सवय जास्तच मेलेली असू शकते, कारण त्याच्यावर हा संस्कार जास्त पक्का झालेला असतो. ट्राइसमनला पहिल्या आलेल्या मुलांत जे दिसलं त्याचंच हे आपल्याकडचं रूप : शाळेत एकट्याने जिंकण्याची रीत विद्यापीठात हरवते. बारावीला नव्वदच्या वर गुण आणि एम-वनला केटी, असा मुलगा कुठल्याही हॉस्टेलवर सापडतो. पाया कच्चा असणं हेच कारण असतं तर तो सापडायला नको होता.

निदान चुकलं की औषधही चुकतं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत बारावीच्या चौदा विषयांपैकी कोणतेही तीन घेतलेल्यांना इंजिनिअरिंगची वाट मोकळी करायचं ठरवलं, म्हणजे गणिताशिवायही. देशभर गदारोळ झाला, खुलासे झाले. परिषदेचे अध्यक्ष तेव्हा डॉ. अनिल सहस्रबुद्धे होते, आधी पुण्याच्या सीओईपीचे संचालक. गणिताचं मोल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या पुस्तिकेत गणित, भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग ड्रॉइंग वगैरेंचे ब्रिज कोर्स विद्यापीठांनी द्यावेत, असंही होतं. टीकाकार म्हणाले, पाया नसलेल्यांना आत घेऊ नका. परिषद म्हणाली, घेऊ आणि पाया भरून देऊ. भांडण जोरात झालं, पण दोघांचं एकमत होतं की उणीव मुलात आहे. मुलगा आत आल्यावर त्याच्याबरोबर सोळा आठवडे काय होतं, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला नाही. आणि ‘ब्रिज’ची पाटी लावलेल्या वर्गात कोण खुशीने बसतो, हे बर्कलीने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे.

मराठी माध्यमाच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. बर्कलीतली चिनी मुलं एकमेकांचं इंग्रजी सुधारत होती, म्हणजे त्यांनाही भाषेची अडचण होती. ती अडचण फुटली ती संध्याकाळच्या टेबलावर, कारण तिथे प्रश्न इंग्रजीत आणि भांडण हव्या त्या भाषेत करता येत होतं. आपल्या मुलांना हे मुक्तपणे करू दिलं तर ‘हा पार्शल घेताना वाय कॉन्स्टंट का धरायचा?’ हा प्रश्न मराठीत विचारला जातो, मराठीत समजतो, आणि इंग्रजीत लिहिला जातो. मराठीला कॅल्क्युलस झेपत नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याने ध्यानात घ्यावं की बाळशास्त्री जांभेकरांनी या विषयावर ‘शून्यलब्धि गणित’ नावाचं पुस्तक मराठीत लिहिलं होतं. जांभेकर १८४६मध्ये वारले. मुंबई विद्यापीठ त्यानंतर अकरा वर्षांनी स्थापन झालं.

गटाने अभ्यास म्हणताच दोन शंका येतात. पहिली, गट म्हणजे टवाळक्या आणि कॉपी. एकाने सोडवायचं, चौघांनी उतरवायचं. उतरवण्याजोगं गणित दिलं तर असंच होणार. म्हणूनच ट्राइसमनच्या पत्रकांवर अवघड गणितं होती, आणि म्हणूनच चिनी मुलं आधी आठ-दहा तास एकटी बसून मग टेबलावर येत होती. रिकाम्या हाताने आलेल्याला त्या बैठकीत किंमत नव्हती. जर्नल पूर्ण करायला जमलेला घोळका आणि ही बैठक यांत एकत्र बसण्याशिवाय काही साम्य नाही, आणि कॉपी घोळक्यातच होते.

दुसरी शंका जास्त वजनदार आहे. हे सगळं अमेरिकेत ठीक, इथे एका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, शिक्षक तासिका तत्त्वावरचा, अभ्यासक्रम संपता संपत नाही. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, आणि रिकाम्या जागा न भरणाऱ्या सरकारला आणि संस्थाचालकांना त्याबद्दल झोडपायलाच हवं. पण ‘इथे होतच नाही’ हे खरं नाही. मुंबई विद्यापीठातले प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३मध्ये एमटीटीएस नावाचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. देशभरातल्या, बऱ्याचदा आडगावच्या कॉलेजांतल्या मुलांना चार आठवडे एकत्र आणून रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा शिकवायचा. शिकवायचा म्हणजे शिक्षकाने प्रश्न विचारायचे, मुलांनी अडखळत उत्तरं द्यायची, फळ्यापाशी यायचं, चुकायचं, पुन्हा विचार करायचा. कॅल्क्युलसची तर्कशुद्ध मांडणी यातच येते, आणि ती एम-वनपेक्षा सोपी नाही. ही मुलं ‘कच्च्या पायाच्या’ कॉलेजांतूनच येतात. शिबिर तीस वर्षांनंतरही चालू आहे.

शिवाय पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात यासाठी जागा आधीच आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात मॅथेमॅटिक्स-वनला आठवड्याला तीन लेक्चर आणि एक ट्युटोरियल आहे. अनेक विद्यापीठांनी तो एक तास तसाच ठेवलाय, तुकड्या पाडून, म्हणजे समोर सत्तर नाही तर वीस-पंचवीस मुलं असतात. या तासाचं प्रत्यक्षात काय होतं, हे पहिल्या वर्षात बसलेल्या कुणालाही विचारा. मागे पडलेला अभ्यासक्रम त्यात रेटला जातो, किंवा ट्युटोरियल शीटवरची दहा गणितं फळ्यावरून फाइलीत उतरवली जातात, सही होते, टर्मवर्कचे गुण पडतात. फाइल सुबक असते. दहाव्या गणितातलं ‘का’ वीसपैकी दोघांना ठाऊक असतं, आणि ते दोघं सांगणार कुणाला, तास संपलेला असतो.

गणित विभागप्रमुखांना विनंती एवढीच आहे. येत्या सत्रात हा एक तास फाइलीतून सोडवा. मुलांना चारचारच्या गटांत बसवा, शीटवर दहाऐवजी तीन गणितं ठेवा, त्यातलं एक तरी शिडीच्या जातीचं असू द्या. सही उत्तरावर न देता, गटातल्या कुणालाही उठवून विचारल्यावर तो काय सांगतो यावर द्या. शिक्षकाने फळ्याजवळची जागा सोडून बाकांमधून फिरावं. खर्च शून्य आहे, परवानगी कुणाची लागत नाही, अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. सत्र संपल्यावर निकाल मागच्या वर्षीच्या निकालाशेजारी ठेवून पाहा, आणि तोवर स्टाफरूममध्ये पायाची चर्चा बंद ठेवा.